कौल मिळाला नाही

आमचं घर बाबांनी कट्टा गावच्या एका मेस्त्रीला उक्तं दिलं होतं. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. उक्तं म्हणजे सगळ्याचा मिळून एकच ठराव: चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली शेणाची जमीन. याहून जास्त काही हवं तर ते ‘वरचां’, आणि वरच्यासाठी घासाघीस आलीच. बाबा शाळामास्तर. एरवी घरीदारी मालवणी बोलणारा हा माणूस मेस्त्री समोर आला की एकदम इस्त्रीचं मराठी बोलायला लागायचा. मालवणीत माणूस सैल पडतो आणि समोरचा आपल्याला गुंडाळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मेस्त्री सगळं ऐकून घ्यायचा आणि विडी पेटवायचा.

ओट्याला सिमेंट आणि खिडक्यांना लोखंडी गज, एवढं बाबांनी भांडून मिळवलं. दोन्ही गोष्टी रस्त्यावरून दिसणाऱ्या, हे सांगायला नकोच. मग मेस्त्रीने हात वर केले. आता आणखी एकच काय ते सांगा, त्यापुढे मला जमायचं नाही, म्हणाला.

आईला चुलीच्या वर एक काचेचं कौल हवं होतं. आमच्या भाड्याच्या खोल्यांतलं स्वयंपाकघर आंधळं होतं. तांदूळ निवडायला ती सूप घेऊन मागच्या उंबऱ्यावर बसायची, आणि मासे साफ करायलाही तिथेच. नव्या घरात चुलीची बाजू शेजारच्या कुंपणाला भिडलेली, म्हणून तिथेही खिडकी निघत नव्हती. शिरोड्याला तिच्या माहेरी चुलीवर असं कौल होतं. त्यातून पडणारं ऊन भाताच्या मडक्यावर आलं की शाळेतली मुलं घरी यायची, हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल. ती कधी काही मागायची नाही. या वेळी मागितलं, तेही मेस्त्रीला चहा देता देता, दाराआडून. म्हणाली, “हातात काय आसा तां माका दिसाक व्हया.”

मला मात्र पडवीत झोपाळा हवा होता. त्यासाठी तुळईला लोखंडी कड्या ठोकाव्या लागतात. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि घर म्हणजे झोपाळा, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी रुसले, जेवले नाही, सगळे प्रकार केले. शेवटी बाबांनी निकाल दिला. आधी काचेचं कौल. ती कौलं गलबतातून मोजकीच यायची, तेव्हा मालवणच्या बाजारात मिळालं तर आणायचं. नाहीच मिळालं, तर कड्या. मेस्त्री चुलीवर एका कौलाची जागा मोकळी ठेवणार होता.

दोन दिवसांनी बाबा बाजाराला निघाले आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. वाटेत देऊळ लागलं. गुरव भेटला, आणि बाबांना वाटलं की आलोच आहोत तर चैत्रात राहायला जावं का, हे देवाला विचारून टाकू. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावल्या: उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही बसून राहिलो. ना उजवी पडली, ना डावी. ऊन डोक्यावर आलं, बाजार बंद व्हायची वेळ झाली, आणि बाबांचा चेहरा पार उतरला. पुढे न जाता ते तसेच मागे फिरले.

घरी मेस्त्री ओट्यावर वाट बघत होता. आई दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या मला दिसत होत्या.

“मास्तरानू, कौल मिळालां?” मेस्त्रीने विचारलं.

“नाही मिळाला,” बाबा म्हणाले, आणि पाय धुवायला मागे गेले.

बाबांच्या डोक्यात अजून देवळातल्या कळ्याच होत्या. ते मालवणीत म्हणाले असते, तर ‘मिळालो नाय’ म्हणाले असते, आणि हा देवाचा कौल, छपरावरचं कौल नव्हे, हे मेस्त्रीला तिथल्या तिथे कळलं असतं. पण त्यांचं शुद्ध मराठीतलं ‘मिळाला’ मालवणी कानाला ‘मिळालां’च लागलं. मेस्त्री उठला, झोपाळ्याचं बघतो म्हणाला. दाराआडच्या बांगड्या आत गेल्या.

मला कळलं होतं. सकाळपासून मी बरोबर होते, आणि व्याकरणात वर्गात पहिली होते. दोन शब्द बोलले असते तर बाबा दुसऱ्या दिवशी बाजाराला गेले असते. मी बोलले नाही. मला कड्या हव्या होत्या.

वैशाखात आम्ही राहायला गेलो. काचेच्या कौलाचं आईने पुन्हा नाव काढलं नाही. बाजारात मिळालं नाही, विषय संपला, असा तिचा स्वभाव. माझ्या झोपाळ्यासाठी तिने आपणहून सोडून दिलं, असं बाबांना वाटलं आणि तेही विसरले. ती भर दुपारी चिमणी पेटवून भात बघायची. मी पडवीत पाय हलवत बसायचे आणि मला ती हाक मारेल की काय, याची भीती वाटायची. तिने कधी मारली नाही. आज तिची नुसती हाक ऐकायला मिळावी म्हणून जीव तुटतो.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात माहेरी येताना मी एक काचेचं कौल घेऊन आले. लुगड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरलं होतं. नारळ पाडायला आलेल्या गड्याला सांगितलं, तो तसाच छपरावर चढला. जुनं कौल उचललं, हे सरकवलं. खाली आई चहा ठेवत होती, त्याला उकळीसुद्धा आली नव्हती.

ऊन चुलीपाशी पडलं. आईने त्यात आपला हात धरला, उलटासुलटा करून पाहिला. मग वर बघत मला म्हणाली, “इतक्यांच काम होतां गो?”

मी होय म्हणाले. नऊ वर्षांत तिच्याशी मी एवढंच खरं बोलले.