इंदूने होकार दिला नव्हता

इंदू गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली टपरीवर चहा पीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार चांगला नवरा समजायला नको. आमच्या मुलीचा, माधवीचा, फोन आला, "बाबा, वर या." एवढंच. आवाजावरून कळलं. ग्लास तसाच ठेवला आणि जिना चढायला लागलो. चढताना डोळ्यांत पाणी नव्हतं, डोक्यात तिचं सकाळचं बोलणं होतं. सकाळी डोळे उघडून तिने मला विचारलं होतं, "दोरी जाग्यावर आहे ना?" मी म्हटलं, "अगो, मरायला टेकलीस आणि दोरी कसली विचारतेस?" लग्न झाल्यापासून मी तिच्याशी असाच बोलत आलो. ती हसली. "मी टेकलेय. पाखरं नाही टेकली," म्हणाली आणि कूस बदलली. तेच शेवटचं.

दोरी कसली ते सांगतो. लालबागला आमच्या चाळीच्या मागे बंद पडलेल्या गिरणीची जागा आहे. त्याच गिरणीत मी साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. गिरणी गेली, शेड पाडल्या, बऱ्याचशा जागेवर टॉवर आला आणि एका कडेला गिरणीचं जुनं तळं तेवढं उरलं. कारखान्याला पाणी लागायचं म्हणून खोदलेलं. त्याच्याभोवती कुणी न लावता झाडं वाढली, पाणकणीस माजलं, पाखरं आली. इंदूची तेव्हा खानावळ होती. गिरण्या गेल्या तशी तिची जेवणारी माणसंही गेली, कोण गावाला, कोण दारूला. ही भिंतीच्या भगदाडातून आत जायची आणि पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खुडून आणायची. भाजीला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. पुढे चाळीतल्या आणि टॉवरमधल्या लोकांनी मिळून पालिकेच्या मागे धोशा लावला, ती जागा राखीव ठरली आणि सांभाळायला रहिवाशांची समिती झाली. त्या समितीत सगळ्यात जास्त भांडायची ती इंदू.

आता ती गेली म्हणून तिला देवी करू नका. तिला पाखरांची नावंसुद्धा धड येत नव्हती. दुर्बिणी घेऊन येणाऱ्या मुलांनी किती वेळा सांगितलं, तरी पाणकोंबडीला ती 'सासूबाई'च म्हणायची. का, तर ती शेपटी उडवत तुरुतुरु चालते आणि दिसेल तिथं नाक खुपसते. माझी आई तशीच होती, म्हणून मला राग यायचा. तोंडाने तर इंदू फाटकीच. पण एक गोष्ट तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळली होती. समितीत दोन तट पडले होते. एक म्हणायचे, कुलूप लावा, माणूस आत नकोच. दुसरे म्हणायचे, आमची पोरं खेळणार कुठे, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे, पाखरांना अख्खं आकाश पडलंय. इंदू दोघांवर ओरडायची. कुलूपवाल्यांना म्हणायची, "ज्या जागेत कुणी बसत नाही, त्या जागेसाठी कुणी भांडायला येत नाही. लोक आत आले नाहीत तर उद्या इथं दुसरा टॉवर येईल आणि तुम्ही दुर्बिणीतून त्याचे मजले बघाल." आणि चाळीतल्या लोकांना म्हणायची, "माधवी बाळंतपणाला आली तेव्हा आपल्या एवढ्याशा खोलीत मी मधे लुगडं बांधलं होतं. पुरुष गॅलरीत झोपले. मेलं का कुणी?"

तिने तळ्याशीही तसंच केलं. तळ्याच्या अर्ध्या वाटेवर एक उंबर आहे. उंबराच्या अलीकडे सगळं माणसांचं… पोरांचं क्रिकेट, बायकांचं हळदीकुंकू, आम्हा म्हाताऱ्यांना पत्ते कुटायला बाकडं. ते बाकडंसुद्धा तिनेच भांडून आणलं. उंबराच्या पलीकडे होळीपासून दसऱ्यापर्यंत कुणी जायचं नाही, कारण तेव्हा तिथं घरटी असतात. होळी झाली की ही जुनं लुगडं पिळून त्याची दोरी करायची आणि उंबराला बांधायची. दसऱ्याला सोडायची. कोजागिरीला सगळी चाळ तळ्याला पूर्ण फेरी मारून दूध प्यायची. पलीकडे खाणं टाकलेलं तिला चालायचं नाही, कुणी शेव टाकली तरी शिव्या. कारण खाण्यापाठी कावळे येतात आणि कावळे अंडी खातात. संध्याकाळ झाली की काठी घेऊन ती दोरीपाशी उभी राहायची आणि कावळे हाकलायची. अशी किती वर्षं गेली. शेवटी शेवटी त्या कोपऱ्यात कावळा उतरायचाच नाही.

समितीचा सेक्रेटरी प्रकाश. शेजारच्याच खोलीतला, लहानपणी आमच्याकडेच जेवायचा. पोरगा चांगला आहे, पण त्याला एक ध्यास… तळ्याभोवती ट्रॅक. "काकी, फेरी अर्धीच राहते गं. उंबराशी जाऊन परत फिरायचं, मजा येत नाही. पूर्ण चक्कर पाहिजे."

"शंकराला प्रदक्षिणा घालतोस ना?"

"घालतो की."

"ती किती घालतात?"

"अर्धी."

"मग देवाला कधी बोललास, मजा येत नाही म्हणून?"

प्रकाश पाया पडला आणि हसत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. असं त्या दोघांचं चालायचं. तो हरायचा, पण कंटाळायचा नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. माधवीने शुद्धलेखन सुधारलंय, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

इंदूचं दहावं. बाणगंगेला जायचं ठरत होतं, पण इंदूचा भाऊ बाळा म्हणाला, "तायचो जीव तळ्यावर. थंयच करूया." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. वैशाखातलं ऊन, उंबराला दोरी बांधलेली. ती तिनेच बांधली होती, आजारी पडायच्या आधी. भटजी म्हणाले, पाण्याच्या अगदी काठाला, निवांत जागा पाहिजे. निवांत जागा पलीकडेच. दोरी मी उचलून धरली. माझ्या हाताखालून सगळे वाकून आत गेले, शेवटी मी गेलो. पिंड मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिलो.

कावळा येईना.

समोर टॉवरच्या कठड्यावर कावळे बसलेले दिसत होते. खाली एकही उतरेना. ज्याने हा प्रकार पाहिलाय त्याला माहीत आहे, अशा वेळी काय होतं. एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो. माधवी म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." नाही आला. बाळा म्हणाला, "ताय, तुझ्या पूजेतली देवी मी घरात बसवतंय." नाही आला. मला कुणीतरी ढकललं. मी म्हटलं, "तंबाखू सोडतो." मागून एक बाई हसली, "तेवढ्याला ती नाही फसायची." ऊन चढलं. भटजींना पुढे कुठेतरी जायचं होतं, ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या, शास्त्रात चालतं." बाळा तयार होईना. "कायतरी इच्छा रवली हा तिची," असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

ते बघणं ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच कळेल. बायकोच्या पिंडाला कावळा शिवला नाही की लोक नवऱ्याकडे बघतात. याने काय छळलं असेल, काय नाकारलं असेल… माझं तोंड वाईट, अख्ख्या चाळीला ठाऊक. मी मान खाली घातली. आणि मला तिथंच, तेव्हाच माहीत होतं की कावळा का येत नाही. तिनेच येऊ नये म्हणून हाकलला होता, काठी घेऊन, वर्षानुवर्षं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, लोक म्हणतील, म्हातारा आपलं झाकतोय.

तेवढ्यात प्रकाश पुढे झाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही. हात जोडून म्हणाला, "काकी, तुझ्या नावाने ट्रॅक करतो. पूर्ण तळ्याभोवती. दिवे लावतो, बाकडी ठेवतो, माणसं तुझं नाव घेत फिरतील." आणि कावळा आला. कठड्यावरून सरळ खाली, चोच मारली, भाताचा मोठा गोळा घेऊन गेला. त्याच्या मागून आणखी दोन आले. बायका रडायला लागल्या. बाळाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हीच इच्छा होती बघ," लोक म्हणाले, "नुसती भांडायची वरवर."

मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. माझ्यावरचा आळ गेला. तिचा कोपरा गेला हे त्यानंतर लक्षात आलं, तेही घरी आल्यावर, पोटभर जेवल्यावर.

आठवडाभरात गेटवर फ्लेक्स लागला. इंदूचा फोटो, लग्नातल्या गर्दीतून कापून घेतलेला, आणि खाली स्मृती ट्रॅक. लोक मला थांबवून हात जोडायला लागले. टॉवरमधले एक साहेब इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलले. मी मान हलवायचो. दहाव्याच्या गर्दीत सुटलेली उंबराची दोरी कुणी पुन्हा बांधली नव्हती, मीही नाही. चुन्याने आखणी झाली, ती पाणकणसातून गेलेली. पिंडाच्या दिवसापासून तिथं कावळ्यांची ये-जा सुरू झाली, कारण आता लोक फिरायला आत जायचे आणि इंदूकाकीच्या नावाने कावळ्याला चपाती टाकायचे. पुण्य म्हणून. एका सकाळी मी बघितलं, एक कावळा कणसात शिरला आणि पाणकोंबडी ओरडत बाहेर आली. ती धावून जायची, परत यायची, परत धावायची. मी उभा होतो. पहिल्यांदा माझ्या तोंडून तिच्यासाठी 'सासूबाई' अशी हाक निघाली, आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

या रविवारी समितीची मीटिंग होती. काम कधी सुरू करायचं एवढंच ठरवायचं बाकी होतं. बाळा भायखळ्याहून मुद्दाम आला होता, नारळ घेऊन. त्यालाच फोडायला सांगितलं होतं. मी कधी मीटिंगला बोललो नाही, आमच्या घरातलं बोलणं इंदूकडे होतं. उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्या बायकोने होकार दिला नव्हता. कावळ्याला भूक लागली होती."

एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, अप्पांना धक्का बसलाय. कुणी म्हणालं, पिंडाचा अपमान करू नका. मी सांगितलं ते सगळं… काठी, कावळे, दोरी मी उचलली ते, माझ्याकडे बघितलं म्हणून गप्प बसलो ते.

प्रकाशचा चेहरा पडला. "अप्पा, मी काय वाईट मनाने बोललो होतो?"

"नाही रे. तू प्रेमाने बोललास. मी भीतीने गप्प बसलो. तुझं चुकलं नाही."

"मग बोर्ड? फोटोसकट छापलाय."

"उंबराच्या अलीकडे लाव. अर्धी फेरी तिच्या नावाची कर. तिला चालेल."

थोडे हसले. काम दसऱ्यापर्यंत थांबवायचं ठरलं, पुढचं पुढे. काही जण माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे, त्यांना फिरायला जागा हवीच आहे आणि दसऱ्यानंतर पुन्हा हा विषय निघणार. तेव्हा भांडायला इंदू नसेल.

बाळा मात्र जागेवरून उठला नाही. नारळ मांडीवर धरून बसला होता. लोक गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "भावजी, कावळो नुसतो भुकेन इलो, तर मग ताय सुटली नाय. अडाकली हा ती."

याचं उत्तर मी मीटिंगआधी रात्रभर शोधलं होतं आणि मला सापडलं नव्हतं. मी म्हटलं, "अडकली असेल. त्या कोपऱ्यातच अडकली असेल. तिला तिथंच राहायचं असेल तर आपण कोण तिला सोडवणारे?" त्याला ते पटलं का, माहीत नाही. नारळ माझ्या हातात देऊन तो गेला.

दोरी मी बांधली. तिच्यासारखी गाठ जमत नाही, दोनदा सुटली. रोज संध्याकाळी उंबराच्या अलीकडे काठी घेऊन उभा राहतो आणि चपातीला सोकावलेले कावळे हाकलतो. फिरायला आलेली माणसं बघतात. काल एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, म्हातारा स्वतःच्या बायकोलाच हाकलतोय." मी ऐकलं. काठी खाली घेतली नाही.