चार टीबीच्या डिस्कमधलं वन्संचं लग्न

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून वन्सं मसोलीहून लग्नाची व्हिडिओ कॅसेट मागायला आल्या, आणि मला ती देता येईना. कारण कॅसेटची फीत मी आदल्याच वर्षी भाताच्या शेतात पाखरं हाकायला बांधली होती. वाऱ्यावर फीत चमकते, वाजते, पाखरं उतरत नाहीत. आमच्याकडे सगळेच बांधतात. बाकीचे गाण्यांच्या जुन्या कॅसेटी बांधतात, मी नणंदेचं लग्न बांधलं.

"वहिनी, माझं लग्न तू चिमण्यांना दाखवलंस?"

"आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलंय हो. रविवारी जेवायलाच या, टीव्हीवर लावते."

त्या म्हणाल्या, "त्यात आई आहे. चालती-बोलती आई दुसरीकडे कुठेच नाही."

सासूबाईंचे फोटो पुष्कळ होते. पण आवाज तेवढाच.

ते उतरवण्याचं खूळ माझंच, २०१५ सालचं. कॅसेटींना बुरशी धरत होती. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं कार्ड फक्त आमच्या जुन्या, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर चालायचं. तासाभराच्या लग्नाला बारा-तेरा जीबी जागा. म्हणून चार टीबीची मोठी डिस्क आणली, तर जुन्या कॉम्प्युटरला दोन टीबीच्या पलीकडचं दिसेना. माझ्याच वयाचा तो! शेवटी डहाणू रोडच्या दुकानदाराने डिस्क बसवायचा एक डबा दिला. डब्यात घालून वायरने जोडली की जुन्याला सगळी डिस्क दिसायची. का दिसते, हे मी विचारलं नाही. तेव्हाची मी अशीच. चाललं की स्वतःलाच शाबासकी देऊन मोकळी.

पुढे तलासरीला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने घरात सर्व्हर उभा केला. म्हणजे एक बिनपडद्याचा कॉम्प्युटर, सदा चालू. त्यातलं काहीही टीव्हीवर नाहीतर फोनवर बघायचं. रविवार जवळ आला तशी मला हुशारी सुचली. डिस्कला डबा कशाला? शुक्रवारी स्क्रू काढले, डिस्क उपसली आणि थेट सर्व्हरच्या पोटात बसवली.

सर्व्हर म्हणाला, डिस्क आहे, पण वाचता येत नाही.

तीनदा काढली, तीनदा घातली. देवाचं नाव घेऊन चौथ्यांदा. मुलाला फोन केला.

"आई, दुसरीकडे कॉपी ठेवली असशील ना?"

"कॉपीच तर आहे ही."

"मग मूळ कॅसेट?"

"शेतात."



शनिवारी डिस्क पिशवीत घालून रिक्षाने दुकानात गेले. दुकानदाराने ती आपल्या कॉम्प्युटरला लावली आणि मान हलवली. "मासी, आमां तो कांई नथी. यात काहीच दिसत नाही. फॉरमॅट मारून देऊ? नव्यासारखी कोरी होईल."

"हात लावशील तर बघ!"

पडद्यावर मात्र एक गंमत होती. चार टीबी म्हणजे चार हजार जीबीच्या डिस्कवर फाइली ठेवायला आखलेला भाग फक्त पाचशेचा दाखवत होता. आयुष्यभर वाडीत चिकू मोजलेत मी. बरोबर आठवा भाग! चुकून हरवलेलं असं नेमकं आठव्या भागात उरत नाही. हा तर मोजण्याचा घोळ.

"त्या डब्यात डिस्क कशी मोजतात रे?" मी विचारलं.

त्याने फोनवर शोधलं, वाचलं आणि कपाळावर हात मारला. जुन्याला मोठी डिस्क झेपावी म्हणून तो डबा आठ-आठ बारके तुकडे एकत्र करून एकच मोजत होता. म्हणजे आठ चिकूंचा एक क्रेट. डब्याबाहेर काढल्यावर इतर कॉम्प्युटर सुटे चिकू मोजत होते, आणि यादी क्रेटची होती. माल जागच्या जागी होता, फक्त कुणाला सापडत नव्हता.

घरी येऊन डिस्क परत डब्यात घातली आणि डबा वायरने सर्व्हरला जोडला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कॅसेटी समोर! मी अशी ओरडले की आमचे हे आंघोळीतून टॉवेलवर बाहेर आले. मग नवी डिस्क थेट सर्व्हरमध्ये बसवून सगळं तिच्यावर उतरवलं, आणि डब्यातलीही तशीच ठेवली. ठेच लागल्यावर का होईना, दोन कॉप्या.

रविवारी वन्सं टीव्हीसमोर बसल्या. नवरीपेक्षा मीच जास्त दिसत होते. फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावर अबोलीचं शेत, आणि कॅमेरा जिकडे फिरेल तिकडे आधी मी हजर. काय ते ध्यान! तेवढ्यात पडद्याच्या कडेने सासूबाई आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं सूनबाई, बाजूला हो! माझी पोर दिसू दे!"

वन्सं हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "मागे घे, वहिनी."

मी मागे घेतलं. सासूबाई पुन्हा ओरडल्या. सात वेळा घेतलं, सातही वेळा मला तोच ओरडा बसला. सासूबाईंच्या हयातीत त्यांचा एकही ओरडा मी कधी गोड मानला नव्हता. त्या दिवशी मात्र आठव्यांदा वन्संनी सांगायची वाट न पाहता मीच मागे घेतलं, आणि आवाज वाढवला.