पहिल्या बोलीला नाही

भंगारशेठ हे नाव त्याला कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ते त्याला आवडायचं. शेठ म्हणवून घ्यायला कुणाला नाही आवडत? खरं तर शेठपणा कसला डोंबलाचा! मालधक्क्याच्या मागे पत्र्याचं कुंपण घातलेलं एक आवार, त्यात गंजलेल्या मोटारींची दारं, फुटक्या बॅटऱ्या, वॉशिंग मशीनचे ड्रम, तांब्याच्या तारांची भेंडोळी. फाटकाशी मोठा वजनकाटा होता, पण शेठ वस्तू हातात घेऊन आधी वजन सांगायचा आणि मग काट्यावर टाकायचा. फरक पडलाच तर मूठभर. लोक बघत राहायचे आणि शेठ मिशीतल्या मिशीत हसायचा.

या धंद्याचा एक नियम त्याने बापाकडून घेतला होता. पहिल्या बोलीला माल द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने कितीही चांगला भाव बोलू दे, आपल्या तोंडावरची माशी हलता कामा नये. मालावर ताडपत्री ओढायची आणि म्हणायचं, "राहू द्या." गिऱ्हाईक तणतणत फाटकापर्यंत जातं, तिथे घुटमळतं आणि नाक मुठीत धरून परत येतं. या एका नियमावर शेठने घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. मग माणसाला वाटणारच ना, की जग याच नियमावर चालतं!

दुसरं वेड फुटबॉलचं. शहराचा क्लब लहानसा, खालच्या लीगमधला, पण सभासदांच्या मालकीचा. दर रविवारी सामना संपला की मंडळी शेठच्या आवारात जमायची. मोडीत आलेल्या मोटारींच्या सीटा त्याने शेडखाली गोल मांडून ठेवल्या होत्या. त्यातली मऊ सीट मास्तरांची, कारण त्यांची कंबर दुखायची. शेजारी छापखानेवाला, त्याच्या बोटांना कायम शाई. बाकीचे मिळेल तिथे. आणि विषय एकच असायचा, कोणता खेळाडू कितीला जाईल.

त्या वर्षी तर दुसरं काही बोलायलाच नको. क्लबचा स्ट्रायकर बारक्या सुटला होता नुसता. क्लबात आला तेव्हा काडीसारखा होता म्हणून बारक्या. आता खांदे भरले होते, तरी नाव तेच राहिलं. सलग सात सामने, आणि प्रत्येकात गोल.

"चाळीस लाख," मास्तर म्हणायचे. "वर एक पैसा नाही. डावा पाय नुसता उभं राहायला दिलाय देवाने त्याला."

"चाळीस? अहो मास्तर, चाळिसात त्याचे बूट येतील!" छापखानेवाला सीटवरून उठायचा. "वरच्या लीगमधल्या त्या लांबुड्याला ऐंशी मिळाले. त्याला समोर गोल दिसला तरी रस्ता विचारावा लागतो!"

"फॉर्म आहे, फॉर्म. चार महिन्यांनी विचारा."

"तुम्ही शाळेतसुद्धा असेच मार्क कापत होता. माझ्या भावाला नापास केलंत."

"तुझा भाऊ कोरी उत्तरपत्रिका देऊन गेला होता, गाढवा."

हसून हसून मंडळी लोळायची. शेवटी सगळे शेठकडे वळायचे. शेठ दोन्ही तळहात वर धरून, जणू बारक्याच त्यावर ठेवलाय असे जरा हलवायचा आणि आकडा सांगायचा. दोन वर्षांपूर्वी गोलकीपर विकला गेला तेव्हा शेठचा आकडा जवळपास बरोबर निघाला होता. तेव्हापासून त्याचा शब्द म्हणजे शब्द.

"एक कोटी," शेठ म्हणाला. "एक कोटीच्या खाली बघायचंसुद्धा नाही."

अशी नुसती तोंडाची वाफ दवडणं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण मग खरीच बोली आली. मोठ्या शहरातल्या एका क्लबने पत्र पाठवलं, साठ लाख देतो. क्लबचा नियम असा की खेळाडू विकायचा तर सभासदांनी जमून हात वर करून ठरवायचं, आणि विक्रीचा चौथा हिस्सा खेळाडूचा. चिटणिसांनी सभा लावली. आवारात त्या दिवशी असा कल्ला झाला की शेजारच्या गोदामातला राखणदार भांडण सोडवायला आला.

सभेच्या आदल्या दुपारी बारक्या एकटाच आवारात आला. शेठ तारांवरचं प्लास्टिक सोलत बसला होता.

"काका, थोडं बोलायचं होतं."

"बोल की. बस, मास्तरांची सीट रिकामी आहे."

बारक्या बसला नाही. "मला जाऊ द्या, काका. उद्या तुम्ही हो म्हणालात तर सगळे हो म्हणतील. मला माहीत आहे."

शेठने सुरी खाली ठेवली. "कोण अडवतंय तुला? जाशीलच. पण साठला? अरे येड्या, एक कोटीचा माल आहेस तू. मी तुझाच हिस्सा वाढवतोय ना!"

"मला हिस्सा नकोय. ते राहायला घर देतायत. आई कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर दिवसभर उभी असते, संध्याकाळी तिचे पाय बघवत नाहीत. आणि खेळाचं काय सांगावं हो? आज आहे."

"पहिल्या बोलीला कुणी देतं का? ते परत येणार. मोठ्या बोलीने येणार."

"नाही आले तर?"

"येतात. सगळे येतात. तीस वर्षं हेच बघतोय मी."

बारक्याने तारांच्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं, काका," आणि गेला. शेठला वाटलं, पोराला पटलं. माणसाला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं, दुसरं काय!

खोटं कशाला बोला, शेठचा त्यात स्वार्थही होता, पैशाचा नव्हे. रविवारी गोलच्या मागे उभं राहून त्या पोराला चेंडू घेऊन वळताना बघायचं, एवढं एक सुख त्याच्या आठवड्यात उरलं होतं. मुली आपापल्या घरी गेल्या होत्या. घरात तो, बायको आणि टीव्ही. बारक्या गेला की रविवारसुद्धा सोमवारसारखा होणार होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पण बायकोपासून काय लपतंय?

"अहो, जाऊ द्या ना त्याला," रात्रीची भांडी आवरताना ती म्हणाली. "तो जिवंत माणूस आहे. ताडपत्री कसली ओढताय त्याच्यावर?"

"तुला यातलं कळत नाही."

"मला तुम्ही कळता," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

सभेत शेठ उभा राहिला. त्याने आधी मोठ्या क्लबच्या पत्राची टर उडवली, मग बारक्याचे गोल एकेक करून सांगितले आणि मग आवाज चढवला. "आपण भिकारी आहोत का, की कुणी तुकडा टाकला आणि आपण धावलो? हा पोरगा एक कोटीचा आहे! ज्यांना त्याची किंमत कळत नाही त्यांनी खुशाल हात वर करावा!" आता असं म्हटल्यावर कोण हात वर करणार? मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. चिटणिसांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची गरजच पडली नाही. बोली परत गेली आणि मंडळींनी शेठला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून त्याला भिंतीशी उभा असलेला बारक्या दिसला. तो टाळ्या वाजवत होता, कारण सगळेच वाजवत होते.

मोठा क्लब फाटकापर्यंत गेला आणि घुटमळला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. "येतील," शेठ म्हणत होता. तिसऱ्या आठवड्यात पेपरात आलं की त्यांनी दुसरीकडचा एक स्ट्रायकर घेतला. आवारात पेपर हातोहात फिरला. मग छापखानेवाला म्हणाला, "बरंच झालं! पुढच्या वर्षी दीड कोटी." आणि पुन्हा वाद रंगला. शेठही हसला, पण या वेळी त्याने तळहात वर धरले नाहीत.

त्यानंतरचा दुसराच सामना. मैदान कोरडं, ऊन लख्ख. बारक्याने छातीवर चेंडू घेतला, खाली सोडला आणि वळला, तसाच, शेठला आवडायचा तसा. बूट गवतात रुतून राहिला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. आसपास कुणी नव्हतं. कुणाला शिवी द्यायची सोय नव्हती. शेठ गोलच्या मागेच होता. त्याला गुडघ्याचा तो आवाज ऐकू आला. बाकीचे "फाऊल, फाऊल" ओरडत होते. शेठ जाळीला धरून खाली बसला.

डॉक्टर म्हणाले, चालेल. पळणार मात्र नाही.

पहिल्या रविवारी आवारात कुणी कुणाचा भाव केला नाही. दुसऱ्या रविवारी मंडळी हळूहळू राखीव फळीतल्या एका नव्या खेळाडूवर आली. उंच आहे, डोक्याने चांगला खेळतो, पंधरा लाख तरी येतील. शेठ ऐकत होता. तेवढ्यात कुणीतरी बारक्याचं नाव काढलं, आणि छापखानेवाल्याची जीभ, तिला कधी हाड होतं? तो म्हणाला, "त्याचं काय आता? शेठ, तुमच्याच काट्यावर घाला. भंगाराच्या भावात जाईल."

एकदोघे हसले. सवयीने हसले बिचारे. शेठ उठला, त्याने छापखानेवाल्याची गचांडी धरली आणि त्याला सीटवरून ओढून फाटकाबाहेर ढकललं. मग एकेक सीट उचलून कुंपणाकडे भिरकावली. मास्तर कंबर धरून उठेपर्यंतही तो थांबला नाही. "निघा! सगळे निघा! भाव करायला येता होय रे माणसांचे?" ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. कारण भाव कुणी केला होता हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बायकोने त्या दिवशी त्याला एकच सांगितलं. "त्याच्या घरी जाऊन या. इथे सीटा फेकून काय होणार?"

शेठ गेला. चौथा मजला, लिफ्ट नाही. चढताना त्याच्या मनात आलं, हा पोरगा कुबड्या घेऊन हे जिने कसे चढत असेल? दाराशी पोहोचेपर्यंत त्याने वाक्य तयार केलं होतं. बारक्या, माझं चुकलं. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. एवढंच बोलायचं, आणि पोरगा जे बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं.

दार आईने उघडलं. कामावरून नुकतीच आली होती. अंगावर कारखान्याचा निळा डगला, पायांना लांब पट्ट्या गुंडाळलेल्या. शेठला बघून तिचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊ, तुम्ही? या ना, या! अरे, बघ कोण आलंय!"

बारक्या कॉटवर होता. पाय उशीवर, गुडघ्याला लोखंडी पट्ट्यांचा पट्टा. त्याने मान हलवली.

आईने खुर्ची पुसून पुढे केली. स्वतः उभीच राहिली. "एकदा तरी तुम्हाला भेटायचं होतं हो मला. पट्ट्यावरच्या बायकांनी सांगितलं सगळं, सभेत तुम्ही कसे बोललात ते. बाकीचे साठ लाखांत पोराला देऊन मोकळे होत होते. तुम्ही एकटे उभे राहिलात. मी याला रोज सांगते, आपलं नशीब फुटकं, पण काकांनी तुझी किंमत ओळखली. त्या बायका अजून मला म्हणतात, कोटीच्या पोराची आई." ती हसली आणि डगल्याच्या बाहीने डोळे पुसले. "थांबा, चहा टाकते."

ती आत गेली. शेठ खुर्ची ओढून कॉटजवळ सरकला. "बारक्या, मी हे सांगायला आलो की..."

"नका सांगू," बारक्या हळू आवाजात म्हणाला. "जाऊ द्या म्हणायला मी तुमच्याकडे आलो होतो, ते तिला माहीत नाही. कळू द्यायचं नाही."

"अरे, पण माझं..."

"तुमचं तुम्ही बघा, काका. तिच्याकडे आता तेवढंच आहे. ते घेऊ नका तिच्याकडून."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. शेठने तयार केलेलं वाक्य गिळलं. माफी मागायला आलेल्या माणसाला माफी मागायचीही बंदी! पोराने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो शिव्याही देत नव्हता. नुसता छताकडे बघत होता.

आई चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देऊन ती समोर पाय लांब करून बसली आणि जरा संकोचत म्हणाली, "भाऊ, एक विचारू? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. त्या बायका आहेत, त्या काहीही बोलतात. खरंच आला असता का हो कोटी?"

शेठने कप बशीत टेकवला. बारक्या त्याच्याकडे बघत होता.

"आला असता, ताई," शेठ म्हणाला. "जास्तच आला असता. सव्वा कोटी."

"ऐकलंस?" आई मुलाला म्हणाली. "सव्वा कोटी!"

बारक्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आईने शेठला विचारलं, साखर बरोबर आहे का? शेठ म्हणाला, बरोबर आहे. आणि त्याने तो चहा सगळा पिऊन टाकला.