साहेबांचा चेहरा आणि अव्वाची तोटी

माझ्या वडिलांनी एकाच पुढाऱ्याचा चेहरा दोनदा विणला. दोन्ही वेळा बदल्यात एकच गोष्ट मागितली, नळाला पाणी.

अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची, तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डांची माळ मागावर चढवायची, हे त्यांचं काम. मोर आणि वेलबुट्टी कुणीही विणून देई. माणसाचा चेहरा मात्र फार थोड्यांना जमायचा. अप्पांना तो जमायचा आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

आम्ही मूळचे कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीकडचे, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारे. अप्पांनी घर बांधलं ते हद्दवाढीतल्या वसाहतीत, कारण तिथे जागा स्वस्त होती. ‘पाइपलाइन आलीच म्हणून समजा,’ असं प्लॉट विकणाऱ्याने सांगितलं होतं. हे आश्वासन देणारा तो पहिला. तो बिचारा निदान निवडणुकीला तरी उभा नव्हता. पाणी टँकरने यायचं, टँकर बोळाच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथून घरापर्यंत घागरी वाहायची ती माझी आई, आमची अव्वा.

पाइपलाइनचं पहिलं भूमिपूजन त्या पुढाऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या हस्ते ठरलं तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमच्याकडे पाहुण्याला शालीऐवजी सोलापुरी चादर देतात. मग साध्या चादरीपेक्षा साहेबांचा चेहराच विणून देऊ, असं अप्पांनी ठरवलं. मालकाची परवानगी काढून सुटीच्या दिवशी ते माग चालवत बसले. फोटोत होते त्यापेक्षा साहेबांचे केस त्यांनी बरेच दाट काढले. मी हसले तर म्हणाले, “असू दे की. आपलं काम हाय त्यांच्याकडं.”

साहेबांनी चादर दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, अप्पांनी पाण्याचा अर्ज दिला. पुढच्या दिवाळीची आंघोळ नळाच्या पाण्याने कराल, असं साहेब माइकवरून म्हणाले. अव्वाने दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावून मोरीत पितळी तोटी बसवून घेतली.

पाइप आले. रस्त्याकडेला पडून राहिले. उन्हाळ्यात शेळ्या त्यांच्या सावलीला बसायच्या. एक दिवस ट्रक येऊन पाइप घेऊन गेला, कुठे ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या निवडणुकीआधी साहेबांनी पक्ष बदलला. कोणता सोडून कोणता धरला ते सांगत नाही, सांगून काही फरक पडत नाही. त्याच जागी त्याच पाइपलाइनचं पुन्हा भूमिपूजन ठरलं. जुनी कोनशिला तिथेच उभी होती, म्हणून नवी तिच्या शेजारी बसवली. दोन कार्यकर्ते अप्पांकडे आले. “मास्तर, मागच्यासारखीच चादर पायजे. फकस्त उपरणं तेवढं...” असं म्हणून ते अडखळले.

अप्पांना हसू आवरेना. चेहऱ्याची कार्डं त्यांनी जपून ठेवली होती. पक्षाच्या रंगाच्या उपरण्याचं आडवं सूत वेगळ्या धोट्यातून यायचं, त्यामुळे त्या एका धोट्यातल्या सुताचा रंग बदलला की झालं. कार्डाला नवं भोक पाडायचीही गरज नव्हती. “पक्ष बदलायला मला अर्धा तास लागला,” असं ते पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला सांगायचे.

त्या कार्यक्रमाला मीही गेले होते. अप्पांनी चादर दिली, अर्ज दिला आणि ते स्टेजवरून उतरता उतरता मध्येच थांबले. साहेब शेजारच्या माणसाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. अप्पांना तर कमीच ऐकू यायचं. पण मागाच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात.

परतताना अव्वा शेजारणींबरोबर पुढे चालली होती. मी अप्पांना विचारलं, काय झालं?

“साहेब त्याला इच्यारत हुते, ही वस्ती कुटली? हितं मी आदी आलोय का?”

“मग तो काय म्हणाला?”

“न्हाय म्हणला.”

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. अप्पांचा चेहरा मात्र कोरा होता. “अव्वाला सांगू नको,” एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. आशेवर राहिली तर राहू दे, तिचं काय बिघडतंय, असं मला वाटलं. मी चुकले. त्यानंतर अव्वाचे दोन्ही गुडघे गेले. ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अप्पा जमेल तेवढ्या घागरी आणायचे, पण ते कामावर गेले की ही निघालीच. माझं घर जुन्या शहरात आहे. तिथे पाणी दिवसाआड नाही तर चार-पाच दिवसांनी का होईना, नळाला येतं. तुम्ही दोघं माझ्याकडे या म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या!

“आता काम सुरू व्हणार हाय,” ती म्हणायची. “दोनदा नारळ फोडलाय. उगंच फोडतेत का? इतकी वरसं थांबले, आन् नळ येईल तवा मीच हितं न्हाय, असं व्हायचं.”

 यावर माझ्याकडे बोलण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी लपवून ठेवली होती.

परवाच्या प्रचारात साहेब दारोदार फिरत आमच्याही दारात आले. त्याच्या आदल्याच आठवड्यात अव्वा भरल्या घागरीसकट बोळात पडली होती. हाड मोडलं नाही हे नशीब. तिला बघायला म्हणून मी तिथेच होते.

साहेबांनी हात जोडले. “मास्तर, काय काम असलं तर हक्कानं सांगा.”

अव्वा उंबऱ्याला टेकून उभी होती. तिने मागून अप्पांना ढोसलं.

“काय न्हाय साहेब,” अप्पा म्हणाले. “च्या घेऊन जावा.”

साहेब गोंधळले. दारात उभं राहून काहीच न मागणारा माणूस त्यांना सवयीचा नसावा. “नक्की काही नाही?” त्यांनी पुन्हा विचारलं. अप्पांनी मान हलवली. साहेब चहा न घेताच पुढच्या दाराकडे गेले.

अव्वा कडाडली. “तोंड शिवलं हुतं का तुमचं? पाणी मागायचं की!”

अप्पांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे पुढचं अख्ख्या बोळाने ऐकलं. “मागितलं की ते व्हय म्हणतेत. ते व्हय म्हणले की तू आनकी पाच वरसं घागरी उचलतीस.”

 अव्वा लंगडत आत गेली.

रविवारी ती एक पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली. घराची व्यवस्था लावून अप्पा मागून येणार होते. हेच मी किती वर्षं मागत होते, पण मला आनंद झाला नाही. ती खुर्चीवर बसली होती आणि मला पहिल्यांदाच अगदी म्हातारी दिसली.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, “अव्वा, रिक्षा बोलावते. मत देऊन येऊ.” आजवर तिने एकही मतदान चुकवलं नव्हतं.

“नको गं,” ती म्हणाली. “लांब पडतंय.”

वसाहतीतल्या मतदान केंद्रापर्यंत रिक्षाने वीस मिनिटं लागतात. मी बरं म्हणाले.