अक्कांनी हरवलेल्या म्हशी

आमच्या अक्का कॉम्प्युटरशी मोठ्यानं बोलायच्या. राजारामपुरीतल्या ऑफिसात वरच्या मजल्यावर त्यांचं काही अडलं, की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ते कळायचं. "आत हायस न्हवं? मग ये की भाईर," असं त्या स्क्रीनला दटावत. वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण गडहिंग्लजकडच्या आणि आवाजाच्या धनी, त्यामुळे सगळ्यांच्याच अक्का झाल्या.

आमचं काम दुधाचं. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून रोजची माहिती जेसॉन नावाच्या मांडणीत यायची. म्हणजे डब्यात डबा: वर केंद्र आणि वेळ, आत लिटर आणि फॅट. क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला लेखी प्रश्न, लिहून त्यातला नेमका आकडा बाहेर काढायचा. हात घालण्याआधी एक नोंद अख्खी उघडून वाचायची, हा अक्कांचा दंडक. कुणी क्वेरीत डब्याचं नाव अंदाजानं टाकलं आणि रिकामं उत्तर आलं, की त्या म्हणत, "पावणं, घर न बघता सोयरीक ठरवलासा व्हय?"

आणि चुकल्या त्या अक्काच. नेसरीकडच्या एका केंद्रावर म्हशीचं दूध शून्य दिसायला लागलं. आमच्या अहवालावरून ते केंद्र बंद करायचं जवळजवळ ठरलं. केंद्र चालवणाऱ्या वहिनींचा फोन आला. त्या भांडल्या नाहीत. गोठ्यात रोज दिसणाऱ्या म्हशी तुमच्याकडं येईपर्यंत कुठं जातात, एवढंच त्यांनी विचारलं.

अक्कांनी त्या केंद्राची नोंद उघडून शेवटपर्यंत वाचली. बाकी केंद्रं गाय आणि म्हैस यांच्या नोंदी वेगवेगळ्या पाठवत, आणि क्वेरी लिहिताना अक्कांनी त्यांतलीच एक वाचली होती. इथं दोन्ही एकाच यादीत होत्या. त्या गावात मान गाईचा. तिचं दूध मापल्याशिवाय म्हशीचं मापत नसत, म्हणून यादीत गाय कायम पहिली. अक्कांची क्वेरी पहिलीच नोंद उचलून माघारी फिरत होती. क्रम एकदा जरी उलटा झाला असता तरी चूक लगेच दिसली असती.

मशीनवर ढकलणं सोपं होतं. अक्कांनी आम्हा सगळ्यांसमोर फोन लावला. "वहिनी, तुमच्या म्हशी मी हरवल्या. मशीनचं काय न्हाय, चुकलो मी." मग यादी शेवटपर्यंत वाचणारी क्वेरी लिहिली, नवा अहवाल पाठवला आणि केंद्र वाचलं. त्या दिवशी मला अक्कांचा फार अभिमान वाटला.

पुढं अक्का वारणानगरकडं शिकवायला गेल्या. ऑफिस शांत झालं, ते मला अजून आवडत नाही.

परवा एक मुलगी मुलाखतीला आली. मी तिच्यापुढं एक नोंद ठेवली आणि फॅट काढायला सांगितलं. तिनं कीबोर्डला हात न लावता विचारलं, "यादीत एकच जनावर हाय कशावरनं?"

कुणाची विद्यार्थिनी, ते मी ओळखलंच. तरी विचारलं.

"आमच्या मॅडम पहिल्याच तासाला सांगत्यात, त्यांनी एका गावाच्या म्हशी हरवलेल्या. त्या वहिनी अजून त्यांना खरवस पाठवत्यात म्हणं."

म्हणजे चूक अक्कांनी आमच्यासमोर कबूल केली, आणि खरवस मात्र एकट्यांनी खाल्ला.