बायकोचे अंगठे

मानेसाठी चांगला मालीशवाला शोधण्यात माझं वर्ष गेलं. साजगावच्या कारखान्यात मी पॅकिंग सांभाळतो. वरचे मला झापतात, मी खालच्यांना झापतो, आणि दोन्हींचा ताण मानेत दगडासारखा बसतो. शिळफाट्याच्या फिजिओथेरपीवाल्याने मशीन लावून दिलं आणि स्वतः फोनवर बोलत बसला. कर्जतकडच्या एका रिसॉर्टच्या स्पामध्ये पाण्याच्या आवाजाचं संगीत लावून तासभर नुसतं तेल फिरवलं. उठलो तेव्हा दुखणं जागच्या जागी, आणि अंगाला अगरबत्तीचा वास. सगळ्यांचा राग यायचा.

तो राग निघायचा घरी. कामावरून आलो की मी स्टुलावर बसायचो आणि बायको मागे उभी राहून खांदे दाबायची. बारा वर्षं. हल्ली तिचा जोर कमी पडायचा. मी म्हणायचो, "जेवली नाहीस का?" ती अंगठ्याऐवजी कोपर लावायची.

शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आली होती. तिला आणि बाळाला चोळायला ठाकुरवाडीकडून एक म्हातारी यायची. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत, म्हणून मी तिला घरी बोलावलं.

"बाप्या मानसाला मी हात लावत नाय," ती दारातच म्हणाली. "बायकोला बसव. तिला दाखवते, ती करल."

"करतेच ती. तिला जमत नाही."

म्हातारीची एक रीत होती. जिला शिकवायचं, तिच्या हातांना आधी तेल. तिने बायकोचे हात मांडीवर घेतले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवताच बायकोने हात ओढून घेतला.

"कवापासून गं?"

"आहे थोडं. भाकऱ्या थापून."

"भाकरीनं असा होत नाय." मग माझ्याकडे वळून, "रेड्यावानी मान हाय तुजी. ती ह्या अंगठ्यानं दाबून घेतोस व्हय रं?"

असा संताप आला मला. माझ्याच घरात बसून मला बोलते. पण आता लिहायलाच बसलोय तर सरळ लिहितो. मला माहीत होतं. कुकरचं झाकण ती डाव्या हाताने उघडायला लागली होती, दुधाची पिशवी दाताने फोडायची. मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझं दाबणं बंद झालं असतं. स्वतःच्या मानेसाठी मी कर्जतपर्यंत गेलो, तिच्या अंगठ्यासाठी शिळफाट्यापर्यंतही नाही.

"हिला नाय शिकवत," म्हातारी म्हणाली. "तू बस हितं. तेल घे."

आणि बाप्याला हात न लावणाऱ्या तिने माझे हात धरून मला शिकवलं. मनगटाकडून अंगठ्याकडे, हलक्या हाताने, रोज.

आता स्टुलावर बायको बसते. मी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी अंगठ्याला पट्टा दिलाय, तो काढून ती हात माझ्यापुढे धरते. माझी मान तशीच आहे. त्या दुखण्याबद्दल बोलायचं तोंड मला राहिलेलं नाही. चौथ्या दिवशी मी भीत भीत बोट फिरवत होतो. ती भिंतीकडे बघत होती.

"अहो, जेवला नाहीत का?" ती म्हणाली.

मी मान वर केली. ती हसत नव्हती.