क्रोमसोबत गेलेली लिव्हर

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांवरचं क्रोम काढण्यात मास्तरांची हयात गेली होती. नुसती टिचकी मारून धातू ओळखतो, अशी फुशारकी ते येईल त्याच्यापुढे मारत.

एकदा त्यांची धाकटी बहीण नवऱ्याच्या जुन्या मोटरसायकलची ब्रेकची लिव्हर घेऊन कारखान्यात आली. क्रोमचे पोपडे निघाले होते. गाडी आता ती स्वतः चालवणार होती.

"दादा, आधी चुंबक लावून बघ ना. ॲल्युमिनियम निघालं तर?"

"तू मला शिकवतेस?" मास्तरांनी टिचकी मारली, कान लावला आणि जाहीर केलं, "अस्सल पोलाद!"

तारेला बांधलेली लिव्हर कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उतरली आणि बुडबुड्यांचा नुसता धुमाकूळ उठला. वाफेनं डोळे चुरचुरले, तरी मास्तर खूश. "बघ, क्रोम कसं पळत सुटलंय!"

अर्ध्या तासानं त्यांनी तार वर ओढली. टोकाला दात कोरायच्या काडीएवढं काहीतरी काळं लोंबत होतं. पोलाद कॉस्टिकला दाद देत नाही. ॲल्युमिनियमचा मात्र कॉस्टिक फडशा पाडतं, हे मास्तरांनीच शंभर जणांना शिकवलं होतं.

बहीण शांतपणे म्हणाली, "क्रोम छान निघालं हो, दादा."

मास्तरांनी नवी लिव्हर आणून बसवून दिली. हल्ली ते ही फजिती गिऱ्हाइकांना आपणहून सांगतात. कारण त्यांची बायको सांगते, तेव्हा तिच्या गोष्टीत अख्खी मोटरसायकलच विरघळते.